एल्व्हा मावशीचा होकार

आमची एल्व्हा मावशी एकतीस वर्षं गावच्या हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करत होती. या एकतीस वर्षांत तिला कुणी ज्ञानी म्हटलं नाही. डॉक्टर तिच्या हातच्या कडक चादरींवर पेशंट तपासून गेले, नर्सा तिच्या पुढ्यात मळक्या कपड्यांची गाठोडी टाकून गेल्या, आणि साधं ‘कशी आहेस’ विचारायचं कुणाला सुचलं नाही. मग ती निवृत्त झाली, गुडघे गेले, केस पांढरे झाले, आणि एका सकाळी समुद्राकाठच्या विद्यापीठाला शोध लागला की ही बाई म्हणजे ज्ञानाचं भांडार आहे. बाई तीच होती. फक्त तिच्या हातातली इस्त्री गेली होती.

तेव्हापासून दर ऑगस्टमध्ये, बाभळी पिवळ्या फुलल्या की विद्यार्थी येतात. दुसऱ्या वर्षाची पोरं, वीस-बावीस. त्यांच्या विषयाचं नाव इतकं लांब की बसच्या काचेवर चिकटवायचा कागद दोन ओळींत लिहावा लागतो: ‘स्थानिक मूलनिवासी लोक, त्यांची भूमी आणि त्यांचं ज्ञान’. आम्ही त्याला ‘तीन दिवसांचं’ म्हणतो, कारण लोक, भूमी आणि ज्ञान हे तिन्ही ते तीन दिवसांत उरकतात. दिवसाला एक. चौथ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि दुपारच्या आत ते परत जातात.

मी रॉन्डा. मावशीच्या बहिणीची मुलगी. आमच्यात आईची बहीण म्हणजे दुसरी आईच. माझी आई लवकर गेली म्हणून मावशी पहिलीही झाली. आमच्या वस्तीच्या दवाखान्याची मिनीबस मी चालवते, आणि त्या तीन दिवसांत याच बसमधून पोरांना हिंडवते. त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं माझ्या कानावर पडतं. ड्रायव्हरला कान असतात हे शिकलेल्या माणसांना कुणी सांगत नसावं.

त्यांना घेऊन येणारे डॉक्टर हॅलोरन. टोपीत इमूचं पीस खोचलेलं. पहिल्याच भेटीत मावशीला ‘मावशी’ म्हणाले. मावशी म्हणायला नुसतं तोंड लागतं. मला त्यांनी आवर्जून सांगितलं की मला डॉक्टर म्हणू नका, ग्रँट म्हणा. म्हणून मी त्यांना आजतागायत डॉक्टर म्हणते. त्यांचा आवडता विषय म्हणजे ‘ऐकणं’. आमचे लोक कसे ऐकतात, जमीन कशी ऐकते, आपण कसं ऐकायला शिकलं पाहिजे, यावर ते सलग चाळीस मिनिटं बोलतात. त्या चाळीस मिनिटांत मावशीने एकदा तोंड उघडलं होतं, जांभई द्यायला.

आणि आमचे लोक तरी काय सोवळे? डेस मामाचंच घ्या. पहिल्या दिवशी तो पोरांपुढे अंगाला पांढरी माती फासून ते लांब पोकळ लाकडी वाद्य फुंकतो. ते वाद्य आमचं नाहीच. ते दूर उत्तरेकडचं. डेसच्या बापाने ते जन्मात पाहिलं नव्हतं. डेस मोबाईलवर बघून शिकला. पण पोरांना ते हवं असतं आणि डेसला टाळ्या हव्या असतात, तेव्हा मध्ये बोलणारी मी कोण? मी बसमध्ये बसून हसायची.

माझं हसणं मात्र मुख्यतः मावशीमुळे असायचं. म्हणजे तिच्या ‘हो’मुळे.

मावशीला तिच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने (जिचं नाव आम्ही घेत नाही, कारण गेलेल्या माणसाला हाक मारून परत का बोलवायचं), लहानपणी एकच व्यवहारज्ञान दिलं होतं. “गोऱ्याला ‘हो’ म्हण, तो जातो. ‘नाही’ म्हटलंस तर तो बसतो.” तेव्हा पोरं उचलून न्यायला निमित्त शोधणारा सरकारी माणूस वस्तीवर यायचा. पोरं शाळेत जातात ना? हो. घरात साखर आहे ना? हो. सगळे बरे आहात ना? हो, हो. डबा उघडून बघितलं तर साखर नसायची, पण माणूस गेलेला असायचा, आणि पोरं आईजवळच असायची. याला खोटं बोलणं म्हणायचं असेल तर म्हणा. आम्ही त्याला दार लावणं म्हणतो.

हा ‘हो’ आमच्या अंगात इतका मुरला की त्याने आमचंही वाटोळं केलं. मावशीच्या धाकट्या भावाला पोलिसाने विचारलं, दुकानाची काच तूच फोडलीस ना? तो म्हणाला, हो. त्या दिवशी तो तीस मैलांवर मेंढ्यांची लोकर कापत होता. एका ‘हो’पायी अकरा महिने आत बसला. धोबीखान्यात मुकादमीण विचारायची, ही चादर तूच जाळलीस ना? मावशी म्हणायची, हो, आणि दुसरीच्या हातून जळलेल्या चादरीची बोलणी खायची.

आपल्या माणसाने विचारलेल्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्यात असं झटकन येत नाही. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. उत्तर यायचं तेव्हा येतं. मी एकोणिसाव्या वर्षी मावशीला विचारलं होतं की नवऱ्याला सोडू का. ती राखेत भाजायच्या भाकरीचं पीठ मळत होती. मळत राहिली. मी उठून गेले. तीन दिवसांनी दोरीवर कपडे वाळत घालताना ती म्हणाली, “त्याचे शर्ट धुणं बंद कर. मग काय होतं बघ.” बंद केलं, आणि दहाव्या दिवशी तो आपणहून गेला. तीन दिवस लागले, पण उत्तर पक्कं होतं.

विद्यार्थ्यांना असं कुठून परवडणार? त्यांच्याकडे दिवसाला एक विषय. त्यातून प्रत्येकाच्या हातात प्रश्नांचा छापील कागद, आणि प्रश्न असे की उत्तर त्यांनी आधीच आत भरून ठेवलेलं. हा पाला तापावर चालतो ना? हो. हे दगड पूर्वजांनी रचले ना? हो. (ते रस्तेवाल्यांनी मागच्या वर्षी टाकले होते.) पक्षी उजवीकडून उडाला की पाहुणा येतो, असं तुम्ही मानता ना? हो. पोरं भराभर लिहून घ्यायची आणि मावशी दूर नदीकडे बघत उभी राहायची. परतताना ती माझ्या शेजारच्या सीटवर बसली की आरशात तिचा चेहरा बघून मला हसू फुटायचं. वर्षानुवर्षं आमची ही करमणूक होती. एवढी फी भरून पोरं एवढ्या लांब येतात आणि रस्त्यावरची खडी पूर्वजांच्या नावावर लिहून घेऊन जातात, याचा मला आनंद व्हायचा. उंटावरचे शहाणे, म्हटलं, जाऊ देत असेच.

नदीला गावापासून नऊ मैलांवर एक मोठं वळण आहे. पूर्वी आमची वस्ती तिथे होती. मावशी पोरांना वळणाच्या अलीकडच्या वाळूपर्यंत नेते, जुन्या शिंपल्यांचा ढीग दाखवते आणि तिथूनच मागे वळवते. पुढे दोनशे पावलांवर निलगिरीचं एक प्रचंड झाड आहे, ते ती दाखवत नाही. त्या झाडाखाली ती जन्मली. तिच्या आईने त्याच झाडाची साल लांबट काढून बाळाला निजवायची परात केली. साल काढलेली जागा अजून तशीच आहे, कडांनी थोडी भरून आलेली, तान्ह्या मुलाच्या मापाची. ती बायकांची जागा. आमचे पुरुष तिथे जात नाहीत, तर टोपीत पीस खोचलेला माणूस कशाला जाईल? दरवर्षी नदीचं पाणी ओसरलं की मावशी एकटी तिथे जाते, त्या खोबणीवर हात ठेवते आणि घरी येऊन मला सांगते, “मी आता मावत नाही गं तिच्यात.” तिचा हा एकच विनोद. साठ वर्षं तोच.

तर परवाच्या वर्षी आलेल्यांत सास्किया नावाची मुलगी होती. वाईट नव्हती. नम्र होती, सनस्क्रीन सगळ्यांना वाटायची. तिच्या कागदावर चाळीस प्रश्न होते, आणि शेवटच्या दिवशी गाडी चालू करून मी हॉर्न देत होते तेव्हा ती सदतिसाव्यावर होती. खिडकीतून मला स्वच्छ ऐकू आलं. “म्हणजे आता वस्ती गावाजवळ आल्यामुळे त्या वळणाशी तुमचा तसा काही संबंध उरलेला नाही, बरोबर ना?”

“हो,” मावशी म्हणाली.

मावशी चढून शेजारी बसली. मी हसत विचारलं, काय गं, तिला हो का म्हणालीस? ती म्हणाली, “तिचं पान संपायला नको? गाडी थांबली होती.” मला आणखी हसू आलं. तेव्हा मी गाडीचं इंजिन बंद करून खाली उतरायला हवं होतं. चार शब्द त्या पोरीला सांगायला हवे होते. मी गिअर टाकला.

सास्कियाच्या अहवालाला पहिला क्रमांक मिळाला. विद्यापीठाने तो मोठ्या कौतुकाने आपल्या वेबसाइटवर लावला. इकडे आमच्या नगरपरिषदेला वळणावर पर्यटकांचा तळ करायचा होता, कारवान उभ्या करायला जागा, बोटी उतरवायला उतार, संडास, आणि त्यासाठी ‘स्थानिकांना विचारलं होतं’ असा एखादा कागद हवा होता. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं. अहवाल फुकटचा, विद्यापीठाचा, आणि त्यात चौदाव्या पानावर मावशीच्या नावासकट लिहिलेलं: ‘आता संबंध उरलेला नाही, असे ज्येष्ठ जाणकारांनी स्पष्टपणे मान्य केले.’

स्पष्टपणे! मी डॉक्टर हॅलोरनना फोन केला. त्यांनी माझं म्हणणं खूप खोलवर ऐकलं आणि सांगितलं की विधान संदर्भातून तोडलं गेलं आहे, आणि आपण चिंता व्यक्त करणारं पत्र पाठवू. पत्र आलं. फार सुंदर चिंता होती. नगरपरिषदेने ते फाइलला लावलं आणि सभेची तारीख जाहीर केली.

 मावशी त्या काळात उशांचे अभ्रे इस्त्री करत बसायची, धुतलेले पुन्हा धुऊन. मी विचारलं, सभेत काय सांगशील? तिने उत्तर दिलं नाही, आणि मी समजले की उत्तर येतंय, वेळ लागेल. पण सभा मंगळवारी होती. आमचं उत्तर यायची वाट बघणारी सभा अजून कुणी बोलावलेली नाही.

सभागृहात सकाळी अकराला सगळे जमले. पुढच्या रांगेत डॉक्टर हॅलोरन, त्यांच्या शेजारी रडून डोळे लाल झालेली सास्किया. मागे आमचे लोक, भिंतीला टेकून, जणू भिंत पडेल म्हणून. अध्यक्ष प्रुइट चष्म्यावरून बघणारा माणूस. त्याने चौदावं पान वाचून दाखवलं. मावशीला पुढे खुर्चीवर बसवलं होतं. निळा झगा, इस्त्री अशी की घडी हाताला लागेल. प्रुइट तिच्याकडे वाकून मोठ्याने म्हणाला, जणू ती बहिरी आहे, “बाई, हे तुम्हीच म्हणालात ना?”

“हो,” मावशी म्हणाली.

आमच्या मागच्या रांगेत सगळ्यांनी माना खाली घातल्या. प्रुइटने हात पसरले, म्हणजे झालं तर. सचिवाने लिहून घेतलं. आणि माझं डोकं फिरलं. मी तरातरा पुढे गेले, प्रुइट आणि मावशीच्या मध्ये उभी राहिले आणि म्हणाले की मलाही चार प्रश्न विचारायचे आहेत. तो नको म्हणायच्या आत मी मावशीकडे वळले. मी तिच्या अगदी समोर उभी राहिले. तिच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं, जे आमच्यात मोठ्यांशी कुणी करत नाही आणि मी जन्मात केलं नव्हतं. आवाज सास्कियासारखा केला.

“एल्व्हाबाई, तुमचा जन्म सिडनीच्या मोठ्या हॉस्पिटलात झाला, बरोबर ना?”

“हो.”

“तरुणपणी तुम्ही शर्यतीत मोटार चालवायचात ना?”

“हो.”

कुणीतरी हसलं.

“आणि या सभागृहाचे पहिले अध्यक्ष तुमचे आजोबा होते, बरोबर ना?”

“हो.”

आता सगळं सभागृह हसत होतं, प्रुइटसुद्धा. “आणि त्या वळणाशी तुमचा काही संबंध नाही, बरोबर ना?”

“हो,” मावशी म्हणाली. पहिल्या तिन्हींसारखाच, तेवढाच, त्याच सुरात.

मी सचिवाकडे वळले. “लिहा. चारही लिहा, नाहीतर एकही लिहू नका.”

हसणं थांबलं. सचिवाचं पेन वरच राहिलं. प्रुइट मूर्ख होता, पण चारपर्यंत मोजता येऊ नये इतका नव्हता. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि विषय पुढे ढकलला. पुढे सरकारकडून एक बाई आली. तिने कागद आणला नाही. आठवडाभर मावशीच्या ओट्यावर बसून चहा प्यायली, शेंगा सोलल्या, आणि मग मावशी आणि आणखी दोन म्हाताऱ्यांबरोबर वळणावर जाऊन आली. पर्यटकांचा तळ आता पलीकडे, लोकरीच्या जुन्या गोदामाशेजारी होतोय. झाड शाबूत आहे. गावात लोक मला थांबवून म्हणतात, रॉन्डा, कमाल केलीस. डेस मामा तर तो प्रसंग नकलेसकट सांगतो, आणि त्यालाही टाळ्या मिळतात.

आणि डॉक्टर हॅलोरन! सभेनंतर ते माझे दोन्ही हात धरून म्हणाले की आज आपण खरं ऐकलं. या वर्षीच्या त्यांच्या पुस्तिकेत त्यावर एक आख्खा धडा आहे. ‘होकाराची संस्कृती’. पोरं आता बसमध्ये दोघादोघांच्या जोड्या करून सराव करतात, एकाने विचारायचं, दुसऱ्याने हो म्हणायचं, मग आलटून पालटून. आमच्याकडे दाराला लावायला तेवढी एकच कडी होती, तीही त्यांनी बघून, चित्र काढून, खाली नाव लिहून नेली. पण तिथपर्यंत त्यांना वाट दाखवली ती मी, त्यामुळे त्यांना हसायचा माझा हक्क गेला.

सगळ्यांना मी खिजवत आले, आता माझंही सांगते. पहिल्या प्रश्नाला मला वाटलं होतं की मावशी माझ्याकडे बघून थबकेल. मी तिची रॉन्डा. ती म्हणेल, काय गं हे, चार लोकांत? किंवा नुसतीच गप्प बसेल, आपल्या माणसापुढे बसते तशी. तिचा ‘हो’ झटकन आला. तेव्हाच मला कळलं होतं. कळूनही मी आणखी तीन विचारले, कारण लोक हसत होते आणि मला मजा येत होती. माझ्या मावशीला जत्रेतल्या बोलक्या पोपटासारखं चार लोकांत उभं करून मी झाड वाचवलं. दुसरा उपाय होता का? असेलही. तिचं उत्तर यायचं होतं आणि मी थांबले नाही.

सभेनंतर मावशी घरी नेहमीसारखी वागायची. जेवायला वाढायची, इस्त्री करायची. विद्यार्थी आले तर आताही जाते, शिंपले दाखवते, हो म्हणते. बसमध्ये चढल्यावर मात्र मागे पोरांमध्ये बसते. म्हणते, पुढे ऊन लागतं.

गेल्या महिन्यात पाणी ओसरलं तेव्हा मी म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर वळणावर. ती म्हणाली, चल. आम्ही झाडाखाली शेकोटी केली, चहा उकळला. तिने खोबणीवर हात ठेवला. मी वाट बघत होते की ती म्हणेल, मी आता मावत नाही गं तिच्यात. ती काही म्हणाली नाही. मी चहा ओतला, तिला आवडतं तसं डब्यातलं घट्ट गोड दूध वरून घातलं, आणि इतके महिने टाळलेला प्रश्न विचारला.

“मावशी, आपल्यात सगळं ठीक आहे ना?”

मी मनाशी ठरवून आले होते की आता कितीही दिवस लागू देत, तीन लागू देत, तीस लागू देत, मी गप्प बसेन.

“हो,” ती म्हणाली. कप अजून माझ्याच हातात होता.